चालवून घ्या

जुनी नाणी जमवणाऱ्या माणसाबद्दल लोकांची अशी समजूत असते, की त्याला ती सापडतात. वाण्याकडून अर्धा किलो रवा आणावा, उरलेले पैसे मोजावेत आणि त्यात एखादं दुर्मीळ नाणं आपली वाट पाहत बसलेलं असावं, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असतं. हा उद्योग मी बरीच वर्षं करतो आहे, तेव्हा जरा अधिकारानं सांगतो. सुट्या पैशांत जुनं नाणं कधी सापडत नाही. ते आपल्याला खपवलेलं असतं. ज्यानं खपवलं, त्याला ते आदल्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी खपवलेलं असतं, आणि त्या रात्री त्या बिचाऱ्याला नीट झोप लागलेली नसते.

माणूस एरवी कितीही सरळ असो, खिशात न चालणारं नाणं आलं की त्याची नियत फिरते. सापडलेलं पाकीट पोलीस चौकीत नेऊन देणारे, चहावाल्यानं चुकून जास्त परत केलेली दहाची नोट अर्ध्या वाटेवरून मागे फिरून देणारे सज्जन माझ्या माहितीत आहेत. हेच सज्जन गुळगुळीत झालेलं पन्नास पैशांचं नाणं दोन धडधाकट रुपयांच्या मधोमध दडवून भाजीवालीच्या तळहातावर ठेवतात, आणि तिनं मोजायच्या आत कोथिंबिरीचा भाव विचारतात. भाजीवालीही कच्च्या गुरूची चेली नसते. असल्या नाण्यांसाठी तिच्या गोणपाटाखाली वेगळा कोपरा असतो. पुढच्या गिऱ्हाइकाला पैसे परत करताना ती आधी नोट देते, नोटेवर नाणी ठेवते आणि नाण्यांवर मूठभर मिरच्या. फुकटच्या मिरच्या हातात आल्यावर नाणं उलटून पाहणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण या शास्त्रातले खरे आचार्य म्हणजे एसटीचे जुने कंडक्टर. आधी ते तिकिटामागे बाकी लिहून द्यायचे. मग सबंध प्रवासभर आपण त्या बाकीचा जप करायचा. उतरायचं गाव येतं, आपण दारात असतो, मागून कोणाचं तरी बोचकं पाठीत रुतत असतं, आणि नेमकं तेव्हा ती बाकी आपल्या मुठीत कोंबली जाते. डबल बेल. मूठ उघडून पाहीपर्यंत गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर. "अहो, हे चालत नाही!" असं ओरडायचं ते कोणाला? समोर फक्त धुरळा असतो.

यातूनही कोणी जागच्या जागी पकडलंच, तर त्यावर एक रामबाण वाक्य आहे : "चालवून घ्या हो." हे म्हणताना आवाज किंचित दुखावलेला लागतो. नाणं खोटं नसून आपलं मन खोटं आहे, असं समोरच्याला वाटायला हवं. ऐंशी टक्के माणसं या वाक्यापुढे शरण जातात, नाणं खिशात टाकतात आणि घरी जाता जाता कोणाला बरं खपवावं याचा विचार करू लागतात.

वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हुसकावतो, हा नियम सोळाव्या शतकातल्या टॉमस ग्रेशॅम नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याच्या नावानं ओळखला जातो. आमच्या मंडईत त्याचं नाव कोणाला माहीत नाही, पण नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. चांगलं ते गल्ल्यात, वाईट ते गिऱ्हाइकाला. कधीकधी चांगल्या नाण्याला गल्ल्यातही जागा मिळत नाही. २००७ साली बातम्या आल्या होत्या, की आपली नाणी चोरट्या वाटेनं बांगलादेशात जातात आणि तिथे एका रुपयाच्या स्टीलमधून पाच-सात दाढीची ब्लेडं काढतात. म्हणजे इकडे आपण सुट्या रुपयासाठी वाण्याशी भांडतो आहोत, आणि तिकडे तोच रुपया कोणाच्या तरी गालावरून फिरतो आहे.

माणसांच्या या साखळीत कुठेच न खपलेलं नाणं शेवटी देवाकडे जातं. देवळाची दानपेटी हे आपल्याकडचं सर्वांत मोठं नाणेसंग्रहालय आहे आणि त्याला तिकीट नाही. देवापुढे नाणं टाकताना ते चालतं की नाही हा प्रश्न कोणालाच पडत नाही. भाव महत्त्वाचा, आणि भाव म्हणाल तर त्या नाण्याला कुठेच नसतो. देव परत करत नाही, "दुसरं द्या" म्हणत नाही, आणि मुख्य म्हणजे गावात कोणाला सांगत नाही.

नदीही अशीच पोटात घालते. नाशिकला रामकुंडावर मुलं दोरीला लोहचुंबक बांधून गोदावरीत सोडतात आणि लोकांनी श्रद्धेनं टाकलेली नाणी श्रद्धेनं वर काढतात. त्यात एक मेख आहे. १९९२ पासून जो लहान रुपया आला तो चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा. त्याआधीचा जाडजूड रुपया तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचा, तो चुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे चुंबक नवी नाणी तेवढी उचलतो आणि जुनी तळाशी राहतात. ती हवी असतील तर पाण्यात उतरून हातानं चाचपावं लागतं. जुन्या पिढीला ओढून बाहेर काढता येत नाही, हे ज्यांच्या घरात वडीलधारी मंडळी आहेत त्यांना चुंबकाशिवायही माहीत असतं.

आता माझ्याबद्दल. खपवाखपवीच्या या साखळीत एक माणूस असा असतो, की जो नाणं पुढे ढकलत नाही. ते हातात घेऊन उजेडात धरतो, भिंग काढतो आणि खूश होतो. अशा माणसाची बातमी गल्लीत फार लवकर पसरते. "त्या काकांना काहीही चालतं," हे माझं वर्णन एका पोरानं दुसऱ्या पोराला केलेलं मी स्वतः ऐकलं आहे. पूर्वी लोक मला नाणी लपवूनछपवून द्यायचे. आता राजरोस देतात, वर उपकार केल्याचा चेहरा करतात.

आमचे वाणी तर पुढेच गेले. त्यांनी गल्ल्याशेजारी बडीशेपेची एक रिकामी बरणी माझ्या नावानं ठेवली आहे.

"काका, तुमचा माल काढून ठेवलाय."

मी बरणी कागदावर उलटी करतो. गेंड्याचं पंचवीस पैशांचं नाणं. दुसरं गेंड्याचं. एक नेपाळी नाणं. लहान मुलांच्या खेळघरातलं पितळी टोकन. आणि एक लोखंडी वॉशर.

"शेठ, हा वॉशर आहे."

"नाही हो काका, भोकाचा पैसा. ब्रिटिशांचा."

भोकाचा पैसा होता हे खरं. १९४३ ते १९४७ या काळात निघाला. महायुद्धात तांब्याची ओढाताण होती, म्हणून सरकारनं पैशाच्या मधलाच भाग काढून घेतला आणि लोकांच्या हातात कड ठेवली. सरकारी काटकसरीचं इतकं प्रामाणिक चित्र नंतर कुठल्या अर्थसंकल्पातही दिसलं नाही. माझे वडील सांगायचे, की त्या काळी सायकल दुरुस्त करताना वॉशर मिळाला नाही तर लोक भोकाचा पैसा लावत. तेव्हा पैसा वॉशर म्हणून चालत होता, आता वॉशर पैसा म्हणून चालवायचा, हा शेठचा मुद्दा म्हटलं तर न्यायाचाच.

"सगळ्यांचे मिळून पन्नास द्या," शेठ म्हणतात.

"पन्नास? चलनात धरले तर पन्नास पैसेसुद्धा होत नाहीत."

"जुनं आहे ना काका!"

हेच शेठ साखरेचं पोतं जुनं झालं की भाव उतरवतात. असो. मी पंचवीस देतो. त्यातही दहाचं एक नाणं दिलं तर ते घेत नाहीत. "हे आपल्याकडे चालत नाही," म्हणतात. या दहाच्या नाण्याची कहाणी करुण आहे. त्यावर पंधरा रेषा असल्या तर खोटं, दहा असल्या तर खरं, अशी अफवा देशभर फिरली. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढलं, की दहाची नाणी तोवर चौदा प्रकारची निघाली आहेत आणि चौदाही खरी आहेत. चौदा प्रकार आहेत हे कळल्यावर लोकांचा होता तो विश्वासही उडाला. मी शेठना २०११ चा नाण्यांचा कायदा समजावून सांगितला. रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला चालतात आणि पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत, म्हणजे कायद्यानं मी वीस अठन्न्या देऊन तुमच्याकडून दहा रुपयांचं जिरं नेऊ शकतो. शेठ शांतपणे म्हणाले, "नेऊ शकता काका. पण मग बरणी ठेवणार नाही." कायदा तिथेच संपला.

या सगळ्यातून हाती लागतं ते काही राजेमहाराजांचं नसतं. पण नीट पाहिलं तर गंमत भरपूर. साधा रुपया घ्या. सालाखाली बारीक चौकट असली, तर तो आपल्या मुंबईच्या टांकसाळीतला. तारा असला तर हैदराबादचा, टिंब असलं तर नोएडाचा. आणि काहीच नसलं तर कोलकात्याचा. आम्हाला खूण कशाला, जाणकार ओळखतीलच, असा त्यामागे भाव असावा. देशातल्या टांकसाळी कमी पडल्या तेव्हा सरकारनं नाणी बाहेरूनही पाडून घेतली. १९८५ च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी 'एच' दिसतो, तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा. स्वातंत्र्याला अडतीस वर्षं झाल्यावर आपण इंग्लंडमधून रुपये मागवले आणि ते आपल्या पेठेत भेळेवर खर्च झाले, याचं कोणालाच काही वाटलं नाही. १९९९-२००० सालच्या काही पाचच्या नाण्यांवर तर चक्क रशियन अक्षरं आहेत, मॉस्को टांकसाळीची.

"अहो, केव्हापासून ते नाणं धरून बसलाय. इस्त्रीवाला पैसे मागतोय."

"हे मॉस्कोहून आलंय."

"मग परत पाठवायचंय का? नाही ना? द्या इकडे."

असा एक मॉस्कोवाला इस्त्रीत गेला.

मराठी माणसाच्या खिशात मात्र थोर सोबत येऊन जाते आणि त्याला पत्ता नसतो. १९९९ सालच्या रुपयावर संत ज्ञानेश्वर आहेत. त्याच सालच्या दोन रुपयांच्या अकरा कोनी नाण्यावर शिवाजी महाराज. २००२ सालच्या रुपयावर तुकाराम महाराज. ज्यांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांनाच सरकारनं रुपयावर बसवलं आणि सावकाराच्या गल्ल्यात पाठवलं. शिवाजी महाराजांचं तसं नव्हे. नाणं पाडणं हे त्यांना नवीन नव्हतं. राज्याभिषेकाच्या सुमारास त्यांनी 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं असलेली तांब्याची शिवराई पाडली, ती पुढे पेशवाईत चालली आणि पेशवाई बुडाल्यावरही लोकांनी सोडली नाही. दोनशे वर्षं "चालवून घ्या" असं कोणाला म्हणावं न लागलेलं ते नाणं. आज रुपयावर सही करणाऱ्या कुठल्या अधिकाऱ्याला दोनशे वर्षांची खात्री असेल, सांगता येत नाही.

हातांची नाणी आठवतात? २००७ मध्ये रुपयावर नुसता अंगठा आला आणि दोन रुपयांवर दोन बोटं. पाठोपाठ पन्नास पैशांवर मिटलेली मूठ. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांची सोय म्हणे. अंगठा पाहून आमच्या शेजारच्या आजींना वाटलं, सरकार आपल्याला काहीच देत नाही असं रुपयावरच लिहून मोकळं झालं. मुठीचं मात्र मला फार कौतुक. पन्नास पैशांत काही येत नाही हे सरकारलाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आपली झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली. पुढे २०११ साली लहान नाण्यांचा आकार उतरला. नवा रुपया जुन्या पन्नास पैशांएवढा झाला आणि नवे दोन रुपये जुन्या रुपयाएवढे. त्या वर्षापासून संध्याकाळच्या उजेडात रिक्षाचे सुटे पैसे देणं ही फसवणूक राहिली नाही, तो निव्वळ दृष्टिदोष ठरला.

खरं जुनं नाणं, म्हणजे आण्या-पैच्या जमान्यातलं, सुट्या पैशांत येण्याचे दिवस गेले. एके काळी मात्र दोन्ही एकाच खिशात नांदत होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्याचे शंभर 'नये पैसे' झाले. तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली असणार. नव्या नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग' असं लिहिलेलं असायचं. स्वतःची किंमत इतक्या नम्रपणे पाठीवर लिहून हिंडणारं दुसरं काही आपल्या सार्वजनिक जीवनात नाही. पण जुना आणा लगेच गेला नाही, आणि एका आण्याचे होतात सव्वासहा नये पैसे. पाव पैसा द्यायचा कसा? म्हणून तक्ता आला : एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. यात शाळकरी पोरांनाही फट दिसली. चार आण्यांचे शेंगदाणे एकदम घेतले तर पंचवीस पैसे, आणि एक-एक आण्याचे चारदा घेतले तर चोवीस. माझे वडील म्हणायचे, की त्या दिवसांत त्यांच्या शाळेसमोरच्या दाणेवाल्याकडे एकेक पोरगं चार-चारदा यायचं आणि शेवटी त्यानं पाटी लावली : 'आण्याचे दाणे मिळणार नाहीत.' देशाच्या अर्थव्यवस्थेतली ती एक मोठी सुधारणा, आणि तिची झळ बसली दाणेवाल्याला. 'नये' हा शब्द १९६४ साली गळला. लोकांच्या तोंडचे चार आणे, आठ आणे मात्र पुढे पन्नास वर्षं गेले नाहीत.

प्रत्येक घरात एक आजी अशी असते, जिच्या गाठोड्यात 'डुकराचा रुपया' आहे. निदान तिचं तसं म्हणणं असतं. ही कथा खरी आहे. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर एका मानाच्या पदकातला हत्ती कोरला होता. कोरणाऱ्यानं हत्तीची सोंड इतकी आखूड केली, की हिंदुस्थानातल्या लोकांना तिथे डुक्कर दिसू लागलं. राजाच्या छातीवर डुक्कर! बोंबाबोंब झाली, मुसलमान तर भलतेच संतापले. सरकारनं नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्तीला ओळखण्याजोगी सोंड दिली. विचार करा, ज्या सरकारला टिळक हलवू शकले नाहीत, ते एका सोंडेनं हललं. आमच्या आजीच्या गाठोड्यातला रुपया मी भिंगाखाली धरला. त्यात सोंड चांगली लांब होती. पण आजीला सांगणार कोण? तिच्या लेखी ते डुक्करच होतं, आणि त्या रुपयाच्या आशेनं दोन सुना तिचे पाय चेपत होत्या.

अशाच आशेवर हल्ली मोबाईल चालतात. 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर दहा लाख मिळतील' हा निरोप आपल्याकडे कोणालाच आलेला नाही असं घर नसेल. २०१२ सालचं हे नाणं ढिगानं पाडलं गेलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ते लॉकरमध्ये ठेवलं आहे. लॉकरचं वर्षाचं भाडं नाण्याच्या कित्येक पट आहे, पण त्यांच्याशी हा हिशेब काढायचा नाही. मी काढला होता, तेव्हापासून ते मला जिन्यात पाहिलं की खिशावर हात ठेवतात. खरेदी करणारा भेटतो तो आधी 'नोंदणी फी' मागतो आणि मग 'जीएसटी'. दहा लाख कधीच येत नाहीत. हे प्रकार इतके वाढले, की ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं : आमचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांवर फी किंवा कमिशन मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. ते पत्रक मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. त्याखाली पहिला प्रश्न आला, "काका, मग कोणाच्या नादी लागायचं?"

याच्याही वरची पायरी म्हणजे तांदूळ ओढणारं नाणं. ही मंडळी कुजबुजत येतात. तांब्याचं नाणं असतं, एका बाजूला मारुती किंवा राम-सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. कंपनीनं सगळ्या मुलखात चालणारी सारखी नाणी पाडायला सुरुवात केली ती १८३५ ला, आणि रामाचा दरबार छापण्याइतकी ती कंपनी भाविक नव्हती. पण हे नाणं म्हणे तांदळाचे दाणे आपल्याकडे खेचतं, त्यात अंतराळात पडलेली वीज मुरलेली आहे, आणि नासा ते कोट्यवधींना विकत घेते. नासाला तांदूळ ओढून करायचंय काय, ही शंका लोकांना येत नाही. दाण्यांत आधी लोखंडाचा कीस भरलेला असतो आणि नाण्यात चुंबक, एवढीच वीज. माझ्याकडे एकजण आला होता. मी म्हटलं, घरातला तांदूळ आणतो, त्यावर दाखवा. तो म्हणाला, "तुमचा कोणता?" म्हटलं, आंबेमोहोर. तो जरा विचार करून म्हणाला, "नाही, याला बासमतीच लागतो." त्याच्या हजरजबाबीपणावर खूश होऊन मी त्याला चहा पाजला. जाताना त्यानं माझ्या टेबलावरचं एक गेंड्याचं नाणं सहज खिशात टाकलं. ते कोणाला तरी काही लाखांना पडलं असणार.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गेलात, तर नाण्यांचे ढीग पसरून बसलेले विक्रेते दिसतील. तिथे हल्ली सगळ्यात तेजी 'एरर'ला आहे. म्हणजे टांकसाळीत ठसा तिरका बसला, कडा दुमडली, सिंह अर्धाच उमटला. "साहेब, हे बघा, पूर्ण चुकलंय!" असं अभिमानानं सांगतात आणि चुकलेल्या दोन रुपयांचे दोनशे मागतात. शेजारी बरोबर पाडलेली दोन रुपयांची नाणी मूठभर दहाला पडलेली असतात. मी एरर घेत नाही. घरात, कचेरीत, सोसायटीत त्याचा पुरवठा फुकट आहे.

आता हाही सगळा कारभार आटोपत आला आहे. भाजीवालीच्या टोपलीला चौकटी-चौकटींचा कागद लटकतो, शेठच्या गल्ल्यावरचा डबा "प्राप्त हुए" म्हणून ओरडतो, एसटीतही तिकिटाचे पैसे मोबाईलवर जातात. सुटे पैसे नाहीत, म्हणून सुट्याऐवजी गोळ्या-चॉकलेटंही नाहीत. चौदा रुपये बावन्न पैसे कुरकुर न करता इकडून तिकडे जातात. एका पैशासाठी दाणेवाल्याला चकवणाऱ्या पोरांच्या नातवंडांना नाणं म्हणजे क्रिकेटचा टॉस उडवायची वस्तू वाटते, आणि टॉसही हल्ली मोबाईलवर उडतो. बरणी सध्या महिन्या-महिन्यानं भरते. शेठ म्हणतात, "काका, माल येत नाही."

एका माणसाचं मात्र अजून नाण्यावाचून चालत नाही. श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्प सोडला आणि म्हणाले, "सव्वा रुपया ठेवा देवापुढे."

मी रुपया ठेवला. गुरुजी थांबले.

"सव्वा, यजमान."

"गुरुजी, चार आणे ३० जून २०११ पासून बंद झालेत."

"रिझर्व्ह बँकेत," गुरुजी म्हणाले. "आमच्यात नाही."

मी आत जाऊन माझ्या डब्यांतून एखादं पंचवीस पैशांचं शोधावं म्हणून उठू लागलो, तर त्यांनी हातानंच बसवलं. कनवटीचा बटवा सोडला, त्यातून चार आण्यांचं एक नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते देवापुढे ठेवलं. कथा झाली, साधुवाण्याची नौका बुडाली आणि वर आली, प्रसाद झाला. गुरुजींनी दक्षिणा उचलली, रुपया उचलला आणि ते चार आणे परत बटव्यात गेले.

मला राहवेना. "जरा बघू का?" म्हटलं. गेंडाच होता, पण असा घासलेला, की शिंग कुठे संपतं आणि चंदनाचा थर कुठे सुरू होतो ते कळेना. हळद-कुंकवानं कडा लाल झालेली. साल पुसून गेलेलं, पण खाली तारा शाबूत होता. हैदराबाद.

"गुरुजी, हे मला द्या. शंभर रुपये देतो."

गुरुजींनी माझ्याकडे, मग नाण्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक माणूस मला जुनं नाणं द्यायला तयार नव्हता.

"शंभर दक्षिणेत घाला, नाही म्हणणार नाही," ते म्हणाले आणि बटव्याची दोरी ओढून घट्ट गाठ मारली. "हे नाही मिळायचं. आज अजून तीन घरं आहेत."